कंट्रोलची वायर आणि सिग्नलची वायर: पॉवरच्या पाइपात कुणाला जागा?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॅनल उघडून बसलं की कुणीतरी वायरमन हमखास विचारतो, "कंट्रोल पण पॉवरच्या पाइपातनंच ओढू काय?" मी आधी उलट विचारतो, कंट्रोल म्हणजे कुठली वायर? कारण त्या एका शब्दात आपण दोन जाती कोंबतो.

एक कॉइलकडे, म्हणजे मोटार चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या किंवा रिलेच्या गुंडाळीकडे जाणारी. स्टार्ट-स्टॉपचं बटण, ओव्हरलोड रिले, शेतावरच्या टाकीतला फ्लोट, म्हणजे पाण्याच्या पातळीवर चालणारा स्विच. करंट अगदी थोडा, पण व्होल्टेज बहुधा २३० किंवा ४१५. दुसरी सिग्नलची: २४ व्होल्टचा सेन्सर, ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रेशर ट्रान्समीटर, ड्राइव्हला, म्हणजे मोटारीचा वेग बदलणाऱ्या यंत्राला, स्पीड सांगणारे ० ते १० व्होल्ट.

मशीनच्या वायरिंगचं मानक आयईसी ६०२०४-१ एकत्र ओढायला सरसकट बंदी घालत नाही. वेगवेगळ्या व्होल्टेजच्या वायरी एका डक्टात असतील तर मध्ये आडपडदा हवा, नाहीतर प्रत्येकीचं इन्सुलेशन तिथल्या सगळ्यांत मोठ्या व्होल्टेजला पुरणारं हवं. शिवाय एकीमुळे दुसरीचं काम बिघडता कामा नये.

कॉइलची वायर पहिल्या अटीत सहज बसते. आयएस ६९४ ची ११०० व्होल्ट ग्रेडची वायर १ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) असली तरी ४१५ च्या शेजारी चालते. वायर बारीक म्हणून इन्सुलेशन कच्चं, असं नसतं. अंगावर छापलेला ग्रेड वाचा. मला खरी भीती वाटते ती फ्लोटसाठी टेलिफोनची उरलेली वायर मोटारीच्या पाइपात सरकवलेली दिसते तेव्हा. बेंडवर ती घासते, सोलते, आणि फेज थेट टाकीतल्या पाण्यापर्यंत पोचू शकतो. टाकी धुवायला उतरणारा माणूस घरचाच असतो.

सिग्नलची वायर ११०० ची घेतली तरी काम न बिघडण्याची दुसरी अट उरतेच. एका शेडमध्ये ड्राइव्ह चालू झाला की प्रेशरचा आकडा नाचायचा, बंद केला की गप्प. आम्ही ट्रान्समीटर बदलला, पॉवर सप्लाय बदलला, दोन दिवस गेले. शेवटी सिग्नलची जोडी मोटारीच्या पाइपातून काढून नुसती जमिनीवर पसरली, आणि आकडा जागेवर थांबला. ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज तोडतो-जोडतो. शेजारून समांतर धावणाऱ्या वायरीत तो गोंगाट उतरतो. म्हणून हिला वेगळा पाइप, पिळाची शील्डेड (वरून धातूचं आवरण असलेली) केबल, आणि ४-२० च्या शील्डला अर्थिंग फक्त पॅनलकडच्या टोकाला. पॉवर ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

अमेरिकेचा वायरिंगचा कोड इथे जास्त कडक आहे. त्यांच्या क्लास २, म्हणजे मर्यादित पॉवरच्या, सर्किटच्या वायरीला, इन्सुलेशन कितीही चांगलं असलं तरी, मध्ये आडपडदा नसेल तर पॉवरच्या पाइपात सहसा जागा नाही. तिकडचे व्हिडिओ बघून इथे वाद घालणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

कॉइलची वायरही लांब पल्ल्यावर त्रास देते. विहीर लांब, बटण घरात, वायरी सबंध वाटभर मोटारीच्या वायरींना चिकटून. स्टॉप दाबला तरी शेजारच्या वायरीतून झिरपणाऱ्या करंटवर छोटा रिले धरूनच राहतो. मल्टिमीटर बटणाने तोडलेल्या लाइनवरही व्होल्टेज दाखवतो आणि माणूस बटणच खराब समजून बदलतो. तिथे कंट्रोल २४ व्होल्ट डीसीवर आणून स्वतंत्र पाइपातून नेलेलं बरं.