घड्याळ वर ठेवून गुहेत

१४ सप्टेंबर १९६२. फ्रान्स-इटली सीमेवरच्या आल्प्समधलं स्कारासोन नावाचं विवर. वरच्या सोबत्यांनी टेलिफोनवर सांगितलं, मुदत संपली, आता बाहेर या. मिशेल सिफ्र यांना ते खरंच वाटेना. त्यांच्या हिशोबाने तर आज २० ऑगस्ट होता! पंचवीस दिवस कुठे गेले?

सिफ्र तेव्हा २३ वर्षांचे. शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ आणि लहानपणापासून गुहांचं वेड. आदल्या वर्षी या विवरात जमिनीखालची हिमनदी सापडली होती. पंधरा दिवस खाली राहून तिचा अभ्यास करायचा, एवढाच मूळ बेत. मग वाटलं पंधरा दिवस अपुरे पडतील, दोन महिने राहू. आणि त्यातून सुचलं, की घड्याळ न्यायचंच नाही.

झोप लागण्याआधी, जाग आल्यावर आणि जेवताना ते वर फोन करत. वरच्यांनी वेळ टिपून ठेवायची, पण सांगायची मात्र नाही. आपणहून फोनही करायचा नाही. खाली तंबूत बोचरी थंडी, पाय कायम ओले. फोनवर ते नाडी मोजत आणि सेकंदाला एक या गतीने १२० पर्यंत आकडे म्हणत. दोन मिनिटांचं काम, पण एकदा त्याला चक्क पाच मिनिटं लागली.

गंमत पुढेच आहे. मनाचा हिशोब असा कोलमडला असताना शरीर मात्र शिस्तीत चाललं होतं. झोपणं-उठणं मिळून त्यांचा एक 'दिवस' सरासरी साडेचोवीस तासांचा भरला. सूर्य नाही, कोंबडा नाही, तरी आतलं काहीतरी टिकटिकत होतं. १९९९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी मंद उजेडात काटेकोर मोजमाप केलं, तेव्हा हा आकडा साधारण २४ तास ११ मिनिटांवर आला. सिफ्र दिवा हवा तेव्हा लावत-मालवत, आणि उजेडाने आतलं घड्याळ सरकतं. फरकाचं एक कारण हे असावं. पण हिमनदी बघायला गेलेल्या माणसाने हे गाठलं, हेच मला मोठं वाटतं.

१९७२ मध्ये, नासाच्या पाठबळावर, ते टेक्सासमधल्या मिडनाइट केव्हमध्ये २०५ दिवस राहिले. अंतराळात माणसाच्या झोपेचं काय होतं, हे नासाला हवं होतं. इथे मधूनच त्यांचा दिवस ४८ तासांपर्यंत ताणला जाई आणि त्यांना पत्ताही नसे. एकटेपणा मात्र जीवघेणा होता. एका उंदराशी मैत्री करावी म्हणून त्यांनी त्याच्यावर भांडं टाकलं, तर तो बिचारा त्याखाली चिरडून मेला. बाहेर आल्यावर डोक्यावर कर्ज होतं ते वेगळंच.

तरी हौस फिटली नाही. साठी गाठल्यावर, १९९९च्या अखेरीस, ते फ्रान्समधल्या क्लामूज गुहेत उतरले. वय वाढल्यावर आतलं घड्याळ बदलतं का, ते पाहायचं होतं. तिथे त्यांनी २००० सालाचं स्वागत शॅम्पेनने केलं. बाहेर मात्र नवं वर्ष उजाडून साडेतीन दिवस उलटले होते.