पोलिसाला ढकललं तर किती वर्षं? ३५३ ची पार्श्वभूमी

'सरकारी कामात अडथळा आणल्याप्रकरणी गुन्हा दाखल', ही चौकट पेपरात रोज कुठे ना कुठे असतेच. त्यामागे बहुतेकदा आयपीसीचं (जुनी भारतीय दंड संहिता) कलम ३५३ असायचं. त्या केसचं पुढं काय झालं हे मात्र सहसा छापून येत नाही, कारण निकाल लागेपर्यंत बातमी देणारा वार्ताहरसुद्धा बदललेला असतो.

मुळात अटकेला विरोध केला म्हणून कायद्यात वेगळी कलमं होती आणि आहेत. आयपीसीत २२४ म्हणजे स्वतःच्या अटकेला विरोध, कमाल २ वर्षं. दुसऱ्याच्या अटकेत आडवं आलं तर २२५, आणि उरलंसुरलं २२५ ब, ज्यात ६ महिने. पण २२४ जामीनपात्र, शिवाय त्यात अटच अशी की अटक कायदेशीर पाहिजे, म्हणजे कोर्टात आधी पोलिसांनाच दाखवावं लागतं की अटक नीट केली होती, कारण सांगितलं होतं वगैरे. एवढी कटकट कोण करणार. त्यामुळे झटापट झाली की एफआयआरमधे ३५३ पडायचं, सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर. म्हणून आपल्याकडे अटकेला विरोधाच्या केसेसचा इतिहास म्हणजे बराचसा ३५३ चाच इतिहास.

हे कलम १८६२ पासून, इंग्रजांच्या काळापासून लागू, शिक्षा २ वर्षांपर्यंत, आणि जवळजवळ दीडशे वर्षं कुणी त्याला फारसा हात लावला नाही. पहिला खरा बदल २००६ चा, तेव्हा ते देशभर अजामीनपात्र झालं. शिक्षा तीच, पण आधी पोलिस स्टेशनातच जामीन मिळायचा तो आता कोर्टात मागायचा. शुक्रवारी संध्याकाळी उचललेल्या माणसाला यातला फरक बरोबर कळतो.

मग आलं २०१६. मुंबईत खारला पेट्रोल पंपाजवळ विनाहेल्मेट पोराला अडवलं म्हणून ट्रॅफिक हवालदाराच्या डोक्यात मारलं आणि आठवड्याभराने ते गेले. लोक प्रचंड चिडले, आणि ते रास्तच होतं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटना आधीपासून कडक कायदा मागत होत्याच, त्यांना जोर आला. २०१८ मधे महाराष्ट्राने स्वतःपुरती दुरुस्ती केली, ३५३ ची शिक्षा २ वरून थेट ५ वर्षं, ३३२ ची (दुखापत केली तर) ३ वरून ५, आणि खटला मॅजिस्ट्रेटकडून काढून सेशन्स कोर्टात.

गाडं अडतं ते इथेच. ज्या घटनेवरून हे सगळं झालं ती मुळात खुनाच्या कलमात बसणारी होती, तिच्यासाठी ३५३ वाढवायची गरज नव्हती. वाढलेली शिक्षा लागू झाली ती नाक्यावरच्या हुज्जतीला, ग्रामसेवकाच्या टेबलावर हात आपटणाऱ्याला, मोर्चात बॅरिकेडला रेटा देणाऱ्याला. आणि सेशन्स कोर्टात गेल्यामुळे काय झालं तर कॉलर पकडल्याची केस खून-बलात्काराच्या केसेसच्या रांगेत जाऊन बसली. तिथे कस्टडीतल्या आरोपींचे खटले आधी चालतात, जामिनावर बाहेर असलेला हा कॉलरवाला वर्षानुवर्षं तारखा घेत राहतो. अजून एक गोष्ट फार कुणी बोलत नाही. शिक्षा ३ वर्षांपर्यंत असेल तर दखल घ्यायला कोर्टाला ३ वर्षांची मुदत असते, ५ केल्यावर ती मुदतच गेली, चार्जशीट कितीही उशिरा आली तरी चालतं. कडक कायदा म्हणून गाजावाजा झाला, पण माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा परिणाम शिक्षेवर नाही, तारखांवर झाला.

आणि पुरावा काय असतो तर बघा. स्टेशन डायरीतली नोंद (ड्युटीवर होते हे दाखवायला), सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट ज्यात बहुतेकदा 'किरकोळ खरचटलेलं', आणि मुद्देमालात लाखेचं सील लावलेल्या पाकिटात वर्दीचा शर्ट, बटण तुटलेला. घटना भर चौकात, पण साक्षीदार खात्यातलेच. पंच फितूर झाला, डायरीतली वेळ जुळली नाही की संशयाचा फायदा. शिक्षा झालीच तरी पाचाच्या आसपास जाणं दुर्मिळ, पहिलाच गुन्हा असेल तर १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडतात, किंवा कोर्ट उठेपर्यंत बसायचं आणि दंड भरायचा, नाहीतर काही महिने. अमरावतीत २०१२ मधे ट्रॅफिक पोलिसाला मारल्याच्या केसमधे २०२० ला तेव्हाच्या एका मंत्र्यांना ३ महिने आणि १५,५०० रुपये दंड झाला. घटना जुनी म्हणून जुनीच मर्यादा, पण ८ वर्षं लागली.

आमदार मंडळी विधानसभेत ३५३ च्या गैरवापरावर तावातावाने बोलायची त्यामागे साधा हिशोब आहे, २ वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की पद जातं. सामान्य पोराचं नुकसान वेगळं, त्याची नोकरभरती चारित्र्य पडताळणीत अडकते, निकाल काहीही लागो.

वरच्या कोर्टांनी कलमाची हद्द मात्र बऱ्यापैकी आखली. बंगळुरूच्या एका जोडप्याने ट्रॅफिक पोलिसांच्या फेसबुक पेजवर तक्रार लिहिली म्हणून ३५३ लावलेलं, सुप्रीम कोर्टाने ते २०१५ मधे रद्द केलं, कॉमेंट म्हणजे बळ नव्हे. आणि ऑगस्ट २०२४ चा निकाल तर थेट आपल्या विषयाचा. मध्य प्रदेशातला पटवारी, म्हणजे आपल्याकडचा तलाठी, लाचेच्या ट्रॅपमधे धरला, तो हिसडा मारून धक्काबुक्की करत पळाला. ३५३ खाली ६ महिने झाले होते. सुप्रीम कोर्ट म्हणालं, निसटण्यासाठी केलेली ओढाताण म्हणजे हल्ल्याचा हेतू नाही, सुटला. पोलिसांना हा निकाल आवडणार नाही, पण २२४ सोडून सवयीने ३५३ लावायच्या पद्धतीला यातून चांगलाच चाप बसतो.

याच्या उलटं टोकही आहे, अटक चुकीची वाटली म्हणून हात उगारायचा हक्क मिळत नाही. पोलिस सद्भावनेने, पदाच्या अधिकारात वागत असेल आणि जीवाची किंवा गंभीर दुखापतीची भीती नसेल तर स्वसंरक्षणाचा बचाव चालत नाही, हे आयपीसी ९९ मधे होतंच. भांडण कोर्टात करायचं, चौकात नाही.

मग १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता आली आणि गंमत झाली. ३५३ चं १३२ झालं, अजामीनपात्र राहिलं, पण शिक्षा परत २ वर्षं आणि खटला परत मॅजिस्ट्रेटकडे. महाराष्ट्राची दुरुस्ती आयपीसीला होती, आयपीसीच गेली. ३३२ च्या जागी आलेल्या १२१ मधे मात्र ५ वर्षं देशभर झाली, त्यामुळे आता एफआयआरमधे 'किरकोळ खरचटलेलं' या दोन शब्दांना भाव आलाय, दुखापत दाखवली की ५, नाही दाखवली तर २. ३० जून २०२४ च्या रात्री कॉलर पकडलेल्याची केस जुन्या कायद्याने सेशन्सला, आणि दुसऱ्या दिवशी पकडलेल्याची मॅजिस्ट्रेटकडे, समन्स केस म्हणून, म्हणजे छोट्या गुन्ह्यांच्या सोप्या पद्धतीने.