घरातले मोडी कागद वाचून घ्यायचेत? मग आधी हे वाचा

आमच्याकडे लोकं बहुतेक जमिनीच्या भानगडीपायी येतात. आजोबांच्या ट्रंकेतून खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र असलं काहीतरी निघतं, वकील म्हणतात आधी वाचून आणा, आणि घरात मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, येणारं कोणी उरलेलं नसतं. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी पण खूप जण येतायत, जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टरचं पान घेऊन.

मोडी लिहिताना आधी आडवी रेघ मारायची आणि बोरू शक्यतो न उचलता खाली सलग लिहीत जायचं, त्यामुळे शब्द कुठे संपतो ते दिसतच नाही, ऱ्हस्व-दीर्घाचाही पत्ता नसतो. समजा 'बापूजीवनाजी' असं लिहिलंय, तर हा बापू जीवनाजी की बापूजी वनाजी? नुसत्या त्या ओळीवरून नाही सांगता येत, मग खालच्या साक्षी बघा, नाव पुढे परत आलंय का बघा, असं करत जावं लागतं. वारसाच्या केसमध्ये इथे चुकलं तर बापच बदलतो! म्हणून आम्ही दोन कागद देतो, एकात जसं आहे तसं देवनागरीत अक्षर न् अक्षर, दुसऱ्यात आजच्या मराठीत अर्थ. वाचता आलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. "तिथे आमच्याच पणजोबांचं नाव असणार, टाकून द्या" असं सांगणारे भेटतात, ते आम्ही करत नाही.

आकड्यांचा घोळ तर विचारूच नका. ५॥ म्हणजे साडेपाच, ५११ नाही. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, आणि वर त्याच दोन रेघा शब्द थोडक्यात लिहायला पण वापरतात, मौ॥ म्हणजे मौजे, मु॥ म्हणजे मुक्काम. क्षेत्र बिघ्यात असतं, २० पांडांचा एक बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर. पण बिघा सगळीकडे सारखा नव्हता, त्यामुळे त्याचे एकर-गुंठे आम्ही करून देत नाही, कितीही आग्रह केला तरी.

पेशवाईतल्या कागदावर साल अरबी शब्दांत असतं आणि उलटं वाचायचं असतं, आधी एकक. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. हे वर्ष मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होतं, म्हणून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून ६००, म्हणजे झालं १७६०-६१, पानिपताचं साल. फसली सन, म्हणजे सारावसुलीचं वर्ष, असेल तर हिशोब वेगळा, तिथे ५९० किंवा ५९१.

सहीच्या जागी नांगर काढलेला दिसला तर ती नक्षी नाही, लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याची ती निशाणी. बायकांची बांगडी असायची.

एक गैरसमज फार आहे, कागद जुना म्हणजे केस जिंकलीच. तीस वर्षांच्या वरचा कागद योग्य ताब्यातून आला तर कोर्ट त्यावरची सही-अक्षर खरी धरू शकतं, पण आतला मजकूर खरा आहे हे त्यानेच सिद्ध होत नाही. जमीन कोणाची ते वकिलांना विचारा, आम्ही फक्त काय लिहिलंय ते सांगतो.

आता फोटोचं. दिवसाउजेडी, फ्लॅश बंद करून, पूर्ण कागद चारी कडांसकट, आणि मागची बाजू पण, कारण रजिस्ट्रीचे शिक्के, स्टॅम्प विकणाऱ्याची नोंद हे बऱ्याचदा मागेच असतं. स्कॅन असेल तर उत्तम, व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर फोटो दाबला जाऊन मात्रा उडतात. कृपा करून सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. रेट पानावर नाही, अक्षर किती वाचता येतंय त्यावर ठरतो, म्हणून आधी एक पान पाठवा, बघून सांगतो. मूळ कागद घरीच ठेवा, आम्हाला तो नकोय.