आज्याची विहीर आपली, मग आज्याची चूक कोणाची?

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्याकडे आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आजानी करं व्हई, त्यामा आमना काय संबंध?" (आज्याने केलं असेल, त्यात आमचा काय संबंध?) बोलणारा माणूस वाईट नसतो, मनापासूनच बोलत असतो. पण त्याच आज्याने खोदलेली विहीर, त्याने बांधलेलं देऊळ हे मात्र "आमचं" असतं. म्हणजे अभिमान वारशात येतो आणि लाज येत नाही, आणि मला वाटतं जुन्या अन्यायाच्या भरपाईवरून जगभर जे वाद होतात त्यांचं मूळ पैशापेक्षा इथंच जास्त आहे.

आपण स्वतः काही केलं नसलं तरी आपल्या लोकांनी केलं म्हणून मनाला जी टोचणी लागते, तिला मानसशास्त्रात सामूहिक अपराधभाव म्हणतात. १९९८ साली डोस्ये, ब्रॅन्सकोम्ब या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या विद्यार्थ्यांना डच लोकांनी इंडोनेशियावर राज्य करताना तिथं काय केलं ते वाचायला दिलं. बऱ्या-वाईट दोन्ही गोष्टी सांगितल्या तेव्हा स्वतःच्या डचपणाशी घट्ट बांधलेल्यांना टोचणी कमी लागली आणि तितके बांधलेले नव्हते त्यांना जास्त. चांगली बाजू समोर असली की घट्ट बांधलेलं मन तीच धरून बसतं. आपल्याकडेही ऐका ना, "आम्हीच तर त्यांना सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) ठेवलं, पोटाला दिलं", पण ज्या जमिनीवर सालदारकी केली ती आधी कोणाची होती हे त्या वाक्यात येतच नाही.

दुसरी पळवाट काळाची. २०१० च्या एका अभ्यासात जर्मन लोकांना ज्यूंचा नरसंहार जर्मनांनी केलेला गुन्हा म्हणून आठवून दिला तर तो मनाने जास्त जुना वाटला, कॅनडातल्या लोकांना तसं झालं नाही. कॅलेंडर तर दोघांचं एकच होतं!

म्हणून ज्या भरपाया प्रत्यक्षात मिळाल्या तिथं "फार जुनं झालं" म्हणायला जागा कमी होती असं दिसतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या लोकांपैकी जे हयात होते त्यांना १९८८ च्या कायद्याने प्रत्येकी २०,००० डॉलर आणि माफी मिळाली, माणसं समोर होती, सरकारी कागद होते. गुलामगिरीचं तसं नाही, लोकमताच्या पाहण्या करणाऱ्या प्यू या अमेरिकी संस्थेच्या २०२१ च्या पाहणीत ६८ टक्के अमेरिकन गुलामांच्या वंशजांना भरपाई द्यायच्या विरोधात होते. महाराष्ट्राच्या १९७४ च्या कायद्याने आदिवासींच्या हातून १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्याच जमिनी परत करायचं ठरवलं, म्हणजे त्याआधी सावकाराच्या वहीवर अंगठा उठवून गेलेली जमीन रेघेच्या पलीकडेच राहिली, तिच्यामुळे झालेली गरिबी मात्र रेघ बघून थांबली नाही.

मला सगळ्यात कामाचा वाटतो तो २००५ चा पॉवेल, ब्रॅन्सकोम्ब आणि श्मिट यांचा प्रयोग. गोऱ्या अमेरिकनांना तीच विषमता "काळ्यांना कमी मिळतं" अशी सांगितली तर फारसं काही हललं नाही, "गोऱ्यांना जास्त मिळतं" अशी सांगितली तर टोचणी वाढली आणि वर्णद्वेष कमी दिसला. आपल्याकडे चर्चा कायम आदिवासींचं काय गेलं इथंच अडते. त्या रानात नंतर पाइपलाइन कोणी आणली, त्या केळीच्या पैशावर कोणाची पोरं पुण्याला शिकली, हे सहसा कोणी विचारत नाही आणि विचारायला पाहिजे ते हेच.