घासलं की वाढणारं शेवाळ

प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ माजलं की सल्ला ठरलेला असतो. टूथब्रश घ्या, दगड घासा, उरलेलं ओढून काढा, पाणी बदला. बऱ्याच शेवाळांना ही मात्रा लागू पडते. ब्रायॉप्सिस नावाच्या हिरव्या समुद्री शेवाळाला पडत नाही. उलट ते घासल्यावर महिन्याभरात टाकीच्या चार नव्या कोपऱ्यांत उगवतं आणि मालक नायट्रेटला, लाइटला नाहीतर माशांच्या खाण्याला दोष देत बसतो. वास्तुवाले तर टाकीची दिशाच चुकली म्हणून मोकळे होतात. टाकीवर खिडकीतून थेट ऊन येत असेल तर शेवाळ वाढतं, हे खरं. पण तो उन्हाचा प्रताप, ईशान्येचा नव्हे.

ब्रायॉप्सिस ओळखायला सोपं आहे. गडद हिरवं, नाजूक, मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना बारीक फांद्या, अगदी पिसासारखं. नेहमीचं केसाळ शेवाळ नुसतं गुंतवळ्यासारखं दिसतं, त्याला असा आकार नसतो. टाकीत ब्रायॉप्सिस येतं दगडावरून किंवा प्रवाळाच्या फ्रॅगला, म्हणजे लावायला आणलेल्या तुकड्याला, चिकटून. आपल्याला ते परकंही नाही. कोकण किनाऱ्यावर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरही ब्रायॉप्सिस सापडतं. (म्हणून मालवणहून दगड आणि प्रवाळ उचलून आणायचा विचार कोणी करत असेल तर थांबा. खडक बांधणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंगतीत.)

आता मुख्य गोष्ट. शाळेत आपण शिकलो की वनस्पती असंख्य पेशींची बनलेली असते आणि प्रत्येक पेशीत एक केंद्रक असतं. ब्रायॉप्सिसचं पाच-दहा सेंटिमीटरचं अख्खं पीस म्हणजे मात्र आतून सलग पोकळी आहे. फांदी आणि देठ यांच्यामध्ये पडदा नाही, पेशींच्या भिंती नाहीत. बाहेर एक पेशीभित्तिका, मधोमध रसाने भरलेली लांबलचक रिक्तिका आणि या दोघींच्या मध्ये पेशीद्रवाचा पातळ थर. त्या थरात हजारो केंद्रकं आणि हरितलवकं. अख्खी वनस्पती एकाच पेशीची म्हणायला हरकत नाही.

एवढी मोठी पेशी फुटली तर? आपली एखादी पेशी फुटली की तिचा खेळ खलास. पेशीपटल फाटलं म्हणजे आतलं आणि बाहेरचं हा भेदच संपला. ब्रायॉप्सिस इथे नियम मोडतं. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकालाही दिसेल असा हा प्रयोग आहे. काचपट्टीवर समुद्राच्या पाण्याचा थेंब घ्यायचा, त्यात पिसाचा तुकडा ठेवून ब्लेडने कापायचा आणि हलकेच दाबायचा. हिरवा रस बाहेर येतो आणि पाण्यात पसरतो. काही मिनिटांतच विखुरलेली हरितलवकं, केंद्रकं आणि बाकीचा ऐवज पुन्हा एकमेकांकडे सरकून गोळे करू लागतो. या वेळी त्यांच्याभोवती पेशीपटल नसतं. जिवंत पेशीचा माल, तोही उघड्यावर, समुद्राच्या पाण्यात!

कोरियातल्या संशोधकांनी 2001 मध्ये हा क्रम तपशीलवार मांडला. आधी गोळ्याभोवती बहुशर्करांचं जेलीसारखं तात्पुरतं वेष्टण येतं. त्याच्या आडोशाला मेद जमत जातात आणि साधारण बारा तासांत खरं पेशीपटल तयार होतं. मग पेशीभित्तिका बसते. ज्या गोळ्यात निदान एक केंद्रक आलं, त्याला नवं पीस होण्याची संधी मिळते. एका फांदीतून अशी शेकड्याने रोपं उभी राहू शकतात. रक्तबीजाची गोष्ट आठवली असेल तर ती इथे अतिशयोक्ती नाही.

हे तुकडे एकमेकांना शोधतात कसे? इथे थोडं रसायनशास्त्र सोसावं लागेल. लेक्टिन नावाची प्रथिनं असतात, त्यांचं काम ठराविक शर्करेला पकडणं. ब्रायॉप्सिसच्या रसात असं एक लेक्टिन सापडलं, त्याला नाव दिलं ब्रायोहीलिन. ते एन-ॲसिटाइल-ग्लुकोसामाइन आणि एन-ॲसिटाइल-गॅलॅक्टोसामाइन या दोन शर्करांना धरतं. पेशीतल्या अंगकांच्या पृष्ठभागावर अशा शर्करा असतात, म्हणून लेक्टिन त्यांना एकमेकांशी जोडत जातं. पाण्यात आधीच या शर्करा मिसळल्या तर लेक्टिनचे हात त्यांतच गुंततात आणि गोळे नीट जमत नाहीत. माझ्या मते आख्ख्या शैवालशास्त्रात याहून देखणा प्रयोग क्वचितच असेल.

तर टाकीत टूथब्रश चालवताना आपण नेमकं हेच करतो. रस पिळतो आणि पंप तो टाकीभर वाटतो. घासायचंच असेल तर दगड टाकीबाहेर काढा, वेगळ्या बादलीत खाऱ्या पाण्यात घासा, धुवा आणि ते पाणी फेकून द्या. टाकीतच काढायचं झालं तर नळीने सायफन लावून, नळीच्या तोंडाशीच उपटा.

मासे खात नाहीत का? फार कमी. हवाईच्या समुद्रातल्या ब्रायॉप्सिसमध्ये कहालालाइड नावाची विषारी रसायनं असतात. इलिशिया नावाची बिनशंखाची गोगलगाय हे शेवाळ दाताने टोचून रस शोषते आणि तेच विष स्वतःच्या बचावाला वापरते. त्यातलं कहालालाइड एफ कर्करोगावर माणसांतल्या चाचण्यांपर्यंत गेलं, औषध काही झालं नाही. 2019 मध्ये कळलं की हे विष मुळात शेवाळही बनवत नाही. त्याच्या आत राहणारा एक जीवाणू बनवतो. इलिशियाच्या जातीच्या गोगलगाई छंदिष्ट टाकीत सोडतात, पण त्या शेवाळ संपलं की उपाशी मरतात, नाहीतर त्याआधीच पंपात जातात.

पूर्वी मॅग्नेशियमचा उपाय गाजला होता. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, ते 1600 च्या पुढे न्यायचं. गंमत म्हणजे गुण एकाच कंपनीच्या मॅग्नेशियमला येई, दुसरीच्या नाही. म्हणजे श्रेय मॅग्नेशियमचं की त्यातल्या भेसळीचं?

आता चलती आहे फ्लुकोनॅझोलची. हो, नायट्याला आणि बुरशीला देतात तीच गोळी. बुरशीच्या पेशीपटलाला अर्गोस्टेरॉल नावाचं स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलसारखा मेद, लागतं, आणि ते बनवण्याच्या वाटेवरचं एक एन्झाइम हे औषध बंद पाडतं. हिरवी शैवालंही स्टेरॉल बनवताना याच घराण्यातलं एन्झाइम वापरतात, म्हणून ब्रायॉप्सिस गळतं असा तर्क आहे. फिल्टरमधल्या जीवाणूंना अर्गोस्टेरॉलचं काम नसतं, माशांना कोलेस्टेरॉल लागतं, त्यामुळे ते सहसा निभावतात. छंदिष्टांचा प्रघात लिटरला 5 मिलिग्रॅम, म्हणजे 200 लिटरच्या टाकीला 150 मिलिग्रॅमच्या सुमारे सात गोळ्या. स्किमरचा, म्हणजे फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा, कप काढून आणि औषध शोषून घेणारा कार्बन बंद ठेवून दोन आठवडे. रेफ्युजियममध्ये, म्हणजे टाकीला जोडलेल्या वेगळ्या कप्प्यात, मुद्दाम वाढवलेलं हिरवं शैवाल आधी बाहेर काढा.

मात्र ही चिठ्ठीवर मिळणारी गोळी आहे, आणि औषधाला न जुमानणाऱ्या नायट्याने आपल्याकडे आधीच उच्छाद मांडलाय. चार केसांएवढ्या शेवाळासाठी ती ओतू नये. मेलेलं शेवाळ कुजताना अडकवून ठेवलेलं फॉस्फेट आणि नायट्रोजन पाण्यात सोडतं, म्हणून ते रोज सायफनने काढा, नाहीतर रिकाम्या जागी केसाळ शेवाळ येऊन बसेल. पंधरा दिवस झाले की ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन दोन-तीन दिवस चालवा आणि मगच पाणी बदला, म्हणजे मोरीत औषध कमीत कमी जाईल.