खाज पानांना नसते, शेंगांना असते

काजूच्या बागेत बेणणी करताना, म्हणजे तण काढताना, खाजकुयलीच्या वेलाचं पान अंगाला लागलं की खाज सुटते, असं गोव्यातल्या सत्तरी-सांग्यात सर्रास सांगतात. पानं तोडून वेल टाळल्याचं समाधानही मानतात. खरी खाज शेंगेवरच्या सोनेरी-तपकिरी केसांत असते. शेंग बोटाएवढी, थोडी वाकडी. थंडीत ती सुकली की केस नुसत्या धक्क्यानं सुटतात, वाऱ्यावर उडतात आणि खालच्या पानांवरही बसतात. पानाला दोष येतो तो त्यामुळे.

हिमालयातल्या बिच्छू बुटी या झुडपाची गोष्ट वेगळी. तिच्या पानादेठांवरचे पोकळ काटे मोडून त्वचेत हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन सोडतात. खाजकुयलीच्या केसात म्युक्युनेन नावाचं, प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. म्हणूनच हिस्टामिनला अडवणारी नेहमीची अ‍ॅलर्जीची गोळी इथे फारशी लागू पडत नाही.

केस लागले तर आधी चोळू नका; चोळल्यानं ते आणखी खोल रुततात. चिकटपट्टी हलकेच दाबून उचला, प्रत्येक वेळी नवा तुकडा घ्या. मग साबण आणि वाहतं पाणी. कपडे वेगळे धुवा, नाहीतर केस घरभर पसरतात. डोळ्यात गेले तर भरपूर पाण्यानं धुऊन थेट डॉक्टरांकडे जा.

वेल काढायची ती पावसाळ्यात, फुलं येण्याआधी, मुळासकट.