हयात प्राध्यापकांवर विकिपीडिया लेख: पात्रता, पुरावे आणि मजकूर का उडतो

पुण्यात एखाद्या प्राध्यापकांची पंचाहत्तरी जवळ आली की गौरव समिती बसते आणि सरांचं विकिपीडियावर पान करायचं ठरतं. काम बहुधा सगळ्यात धाकट्या विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतं. तो रात्र जागून लिहितो आणि सकाळी पाहतो तर मजकूर काढून टाकलेला. हे इतक्यांच्या बाबतीत होताना पाहिलं आहे, म्हणून इंग्रजी विकिपीडियाचे नियम इथे मांडतो. मराठी विकिपीडिया वेगळा चालतो, तिथले नियम तिथे वाचावेत.

खातं फुकट उघडतं. ते एका माणसाचं हवं. संस्थेच्या किंवा समितीच्या नावानं उघडलं तर बंद होतं. थेट नवा लेख टाकायला खातं ४ दिवस जुनं आणि त्यावरून किमान १० संपादनं (लेखांत केलेले बदल) झालेली लागतात. तोवर मसुदा करून तपासणीला पाठवता येतो.

आता पात्रता. पीएच.डी., तीस वर्षांचं अध्यापन, विभागप्रमुखपद यांपैकी कशानेही ती आपोआप मिळत नाही. विद्वानांसाठी आठ निकष आहेत, त्यातला एक पुरतो: संशोधनाचा त्या विषयावर ठळक प्रभाव, मोठा राष्ट्रीय पुरस्कार, बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीसारख्या ठिकाणी निवडून मिळालेली फेलोशिप, मोठ्या विद्यापीठाचं कुलगुरूपद वगैरे. फी भरून मिळणारं आजीव सदस्यत्व यात धरत नाहीत.

सगळं अडतं ते पुराव्यावर. घरचे लोक नियुक्तीपत्र, प्रमाणपत्राचं स्कॅन, मानपत्राचा फोटो काढून देतात. ते खरे असतात, पण छापून प्रसिद्ध झालेले नसतात, म्हणून चालत नाहीत. "मी स्वतः त्यांचा विद्यार्थी आहे, मला माहीत आहे" हेही चालत नाही. विद्यार्थ्यांनीच काढलेला गौरवग्रंथ स्वतंत्र साक्ष ठरत नाही. सरांशी संबंध नसलेल्या कुणीतरी त्यांच्याविषयी लिहून छापलेलं हवं.

इथे पुण्यातल्या माणसांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. मराठी वर्तमानपत्रातली बातमी इंग्रजी विकिपीडियावर चालते, आणि ती इंटरनेटवर असण्याचीही गरज नाही. वर्तमानपत्राचं नाव, तारीख, मथळा आणि पान दिलं की पुरे. पण घरोघरच्या फायलींमधली कात्रणं नेमकी तारखेचा भाग सोडून कापलेली असतात! मग ग्रंथालयात जुन्या अंकांत ती तारीख शोधावी लागते. हे काम लिहायला बसण्याआधी करा.

जन्मतारखेवर बरेच वाद होतात. हयात व्यक्तीची पूर्ण जन्मतारीख तिनं स्वतः जाहीर केलेली असेल किंवा ती सर्वत्र छापली गेली असेल, तरच द्यावी. एरवी फक्त साल. सरांचा पत्ता आणि फोन नंबर अजिबात घालू नका.

शिष्य, नातेवाईक आणि सहकारी यांनी आपला संबंध उघड सांगावा. लेख आधीपासून असेल तर स्वतः बदल न करता त्या लेखाला जोडलेल्या चर्चापानावर संदर्भासह विनंती ठेवावी. पैसे घेऊन लिहिणाऱ्याला ते जाहीर करणं बंधनकारकच आहे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा परिचय उचलून चिकटवला तर तो प्रताधिकाराच्या (कॉपीराइटच्या) कारणानं जातो. समारंभातल्या फोटोचंही तसंच, त्यावर हक्क सहसा फोटो काढणाऱ्याचा असतो. तुम्ही स्वतः मोबाइलवर सरांचा फोटो काढा आणि त्यांना विचारून स्वतःच चढवा.

मुदती दोन, आणि दोन्ही चुकीच्या वाचल्या जातात. हयात व्यक्तीच्या लेखात एकही संदर्भ नसेल तर लेख वगळण्याची ७ दिवसांची सूचना त्यावर लावली जाते. नुसती सूचना पुसून काही होत नाही, ती परत लावतात. त्या आठवड्यात विश्वसनीय संदर्भ घालावा लागतो. दुसरी ६ महिन्यांची. हा तपासणीचा कालावधी नाही. मसुद्याला शेवटचा हात लागून ६ महिने झाले की तो वगळला जाऊ शकतो. तपासणीला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. लेख वगळण्याची चर्चा सुरू झाली तर विभागातल्या वीस जणांना "ठेवा" लिहायला लावू नका. तिथे मतं मोजत नाहीत, मुद्दे पाहतात, आणि एकाएकी उगवलेली नवी खाती पाहून संशयच वाढतो.

उलट प्रसंगही येतो: सरांबद्दल संदर्भाशिवाय बदनामीकारक काही कुणी लिहून ठेवतं. त्यासाठी वाट पाहू नका. हयात व्यक्तीबद्दलचा असा मजकूर ताबडतोब काढावा, असं धोरणच आहे आणि संबंधितांनाही ते करता येतं. काढण्याचं कारण संपादन सारांशात, म्हणजे बदल जतन करताना दिसणाऱ्या चौकटीत लिहा. परत आला तर भांडत बसू नका, हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी असलेल्या सूचनाफलकावर तक्रार नोंदवा. सरांना स्वतःला विकिपीडियाच्या स्वयंसेवकांना ईमेलही करता येतो.